आखूड महिन्याच्या अक्का

माघातला गुरुवार, सकाळ. हजर: शेजारच्या रिकाम्या प्लॉटचे मालक, त्यांची पत्नी, भटजी, मेस्त्री, बोलावणं होतं म्हणून मी, आणि बोलावणं नसतानाही सगळ्यांच्या आधी येऊन बसलेल्या अक्का.

बेंगळुरूच्या एचएसआर लेआउटमधल्या आमच्या गल्लीत ऊन कोणाच्या घरात किती वेळ थांबेल हे सूर्य ठरवत नाही आणि महापालिकाही ठरवत नाही. ते आमच्या पश्चिमेकडच्या शेजारीण अक्का ठरवतात. मी यादी करणारी बाई आहे. एका सरकारी संस्थेच्या भांडार विभागात निम्मं आयुष्य गेल्यावर कोण आलं, काय आलं आणि काय यायचं राहिलं हे लिहिल्याशिवाय मला झोप येत नाही. त्या भूमिपूजनाची हजेरीही मी घरी येऊन अशीच लिहिली आणि अक्कांच्या नावापुढे ‘का?’ असं लिहून ठेवलं. त्या ‘का?’चं उत्तर पुरतं कळायला वर्ष गेलं. आज सासूबाईंच्या खोलीत सकाळी ऊन येतं ते त्या उत्तरामुळे.

अक्का मूळच्या इथल्याच. आम्ही नोकरीपायी पुण्याहून आलेले. त्यांचे पूर्वज मात्र कुठल्याशा फौजेबरोबर तीन-साडेतीनशे वर्षांपूर्वी आले आणि फौज पुढे गेली तरी मागेच राहिले. घरात मराठी, पण कानडीची फोडणी दिलेली. वडिलांचं चिकपेटमध्ये कापडाचं दुकान होतं आणि लहानपणी शाळा सुटली की अक्का गादीवर वडिलांच्या शेजारी बसून कापड मोजायच्या. त्यामुळे जगातलं कुठलंही अंतर त्यांना फुटात किंवा मीटरमध्ये दिसतच नाही. बसस्टॉप दोन ताग्यांवर आहे. समोरच्यांचा पोरगा वर्षभरात एक रुमाल वाढला. आणि दोन घरांच्या मध्ये कुंपणापासून जी जागा नियमानं मोकळी सोडायची असते, जिला ऑफिसात सेटबॅक म्हणतात, ती मोजायची ब्लाउजपीसमध्ये. माझे यजमान इंजिनिअर. त्यांनी एकदा टेप लावून अक्कांचा अंदाज पडताळला, तर तो बोटभर चुकला. आणखी दोन ठिकाणी पाहिलं, तिथेही बोटभरच, आणि दर वेळी समोरच्याच्या फायद्याचा. यजमानांनी ही चूक मोठ्या आनंदानं त्यांच्या कानावर घातली. अक्का म्हणाल्या, “चूक कसली? गिऱ्हाइकाला बोटभर जास्तच द्यायचं असतं. तुमच्या टेपला दुकानदारी येत नाही, त्याला मी काय करू?”

त्यांचं दुसरं वेड म्हणजे मुदत. अक्कांच्या मते प्रत्येक तक्रारीला आयुष्य असतं आणि ते दोश्याच्या पिठासारखं असतं. लवकर घातलं तर तव्याला चिकटतं, उशिरा घातलं तर आंबट होतं. सारात मीठ जास्त झालं हे दुसऱ्यांदा वाढून घ्यायच्या आत सांगायचं, नंतर सांगाल तर अक्का शांतपणे म्हणतात, “मुदत गेली, आता गिळा.” रिक्षावाल्याशी वाद रिक्षात बसून घालायचा, उतरून नाही. एका संक्रांतीला मी त्यांना सहज म्हणाले, “गेल्या वर्षी तुमच्या तीळगुळात खोबरं खवट होतं हो अक्का.” त्यावर त्यांनी माझ्याकडे इतक्या दुःखानं पाहिलं की वाटलं आपण काही विपरीत बोललो. “वर्षभर पोटात ठेवून काय केलंस गे पुण्याची? त्याच दिवशी सांगितलं असतंस तर दुसरं दिलं असतं. आता हे खोबरं मी कुठून बदलू?” मी तेव्हापासून ‘पुण्याची’च आहे. माझं नाव त्यांना माहीत असावं, पण वापरल्याचं आठवत नाही.

या नियमाला अपवाद नाही, अगदी गेलेल्या नवऱ्याचाही. हॉलमधल्या त्यांच्या फोटोकडे बोट दाखवून अक्का मला एकदा म्हणाल्या, “यांच्याबद्दल माझ्या पुष्कळ तक्रारी होत्या. बघू, सांगू, करत राहिले. आता सगळ्या मुदतबाह्य.” मग फोटोवरची धूळ पदरानं पुसली आणि मला विचारलं, “अवरेकाई नेतेस का स्वल्प? सोललेली आहे.” अवरेकाई म्हणजे इथल्या हिवाळ्यातल्या वालाच्या शेंगा. अक्का त्या घराबाहेरच्या जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर बसून सोलतात. वरचा मजला भाड्यानं देता यावा म्हणून अक्कांच्या यजमानांनी घर बांधून झाल्यावर काढलेला हा जिना. पाठीमागे घर, मांडीवर परात आणि पुढे सगळी गल्ली. तिथून त्यांना कोणाच्या गच्चीवर विटा चढल्या आणि कोणाच्या अंगणात वाळू उतरली हे सगळं दिसतं.

तर ते भूमिपूजन. आमच्या पूर्वेचा प्लॉट कितीतरी वर्षं रिकामा होता आणि सासूबाईंची खोली नेमकी त्या बाजूला. खुब्याचं हाड मोडल्यापासून त्या पलंगावरच असतात आणि खिडकीतून भिंतीवर पडणारा उन्हाचा चौकोन हे त्यांचं घड्याळ. चौकोन देवाच्या फोटोवर आला की चहा, कपाटावर उतरला की वाती वळायला घ्यायच्या, फरशीला टेकला की जेवण. इमारत उभी राहणार म्हणजे ऊन कमी होणार हे आम्ही धरून चाललो होतो; पण मधली जागा नियमानं मोकळी राहिली असती तर फटीतून तिरपं का होईना, ते आलं असतं. नसती राहिली, तर दिवसा दिवा लावून वाती वळायच्या. भिंतीवरचं दुसरं घड्याळ सासूबाईंना आता नीट दिसत नाही.

पूजा झाली, नारळ फुटला आणि अक्का ताट घेऊन उठल्या. पान, सुपारी, नारळ आणि एक जांभळा ब्लाउजपीस. ते सगळं त्यांनी मालकाच्या पत्नीच्या हातात ठेवलं, घराला चांगले भाडेकरू लाभोत असा आशीर्वाद दिला आणि त्याच आवाजात पुढे म्हणाल्या, “हा ब्लाउजपीस जपून ठेवा. या बाजूला असे दोन सोडायचे आहेत. स्लॅब पडायच्या आधी मी बघायला येईन. कमी दिसले तर तक्रार देईन. आता प्रसाद द्या.” भटजींनी हातातला प्रसाद अर्ध्यावर थांबवला. मालक हसले आणि म्हणाले, “सरी अक्का.” या ‘सरी’चा अर्थ ‘बरं’ असा आहे हे मला ठाऊक होतं, या शहरात त्याचा अर्थ ‘बघू’ असाही होतो हे तेव्हा ठाऊक नव्हतं. अक्कांना होतं. परत येताना मी त्यांना विचारलं की घर बांधायच्या आधीच तक्रारीची भाषा कशाला? त्या म्हणाल्या, “न सांगता मागून तक्रार देणं म्हणजे चोरी. आधी तोंडावर सांगायचं, तेही काहीतरी हातात देऊन. मग तक्रार. आमच्यात असंच.” त्यांच्या ‘आमच्यात’ कोण कोण येतं हे मला कधीच कळलं नाही, बहुधा त्या एकट्याच.

गणपती उठले आणि पहिल्या मजल्याच्या फळ्या लागल्या. मालक तिथे नोकरदार पोरांसाठी पीजी काढणार होते, म्हणजे खोल्या पुष्कळ आणि बाथरूम त्याहून पुष्कळ, आणि ती सगळी ओळ त्यांनी मोकळ्या जागेवर बाहेर काढली होती. अक्का आमच्या फाटकात येऊन उभ्या राहिल्या. “दोनाचा एकच उरला बघ.” मी मालकांना भेटले. ते अत्यंत सज्जनपणे म्हणाले, “दसरा होऊ दे मॅडम, मागं घेऊ.” मी ते लिहून घेतलं आणि पुढे तारीखही घातली. अक्कांनी कपाळाला हात लावला. “अगं, तक्रारीला दोन मुदती असतात. एक ऑफिसची आणि एक सिमेंटची. सिमेंटची आधी संपते. तो तुला दसरा सांगतोय तो सिमेंट सुकावं म्हणून.” त्याच संध्याकाळी त्यांनी दुसरं ताट भरलं आणि मला बरोबर घेऊन मालकांकडे गेल्या. उद्या तक्रार देणार आहोत, हे सांगायला. मालकांनी आम्हाला कॉफी दिली, कारण कॉफी न देता भांडणं या गल्लीच्या रीतीत बसत नाही, आणि कप खाली ठेवताना म्हणाले, “अक्का, दुसऱ्याचं मोजता. तुमचा तो जिना कुठं आलाय ते बघा की आधी.”

“त्याच्यावर तक्रार द्या,” अक्का म्हणाल्या, “पण मुदतीत द्या.” आणि कॉफी संपवली.

तक्रार गेली. ऑफिसातून एक माणूस येऊन गेला, कधी आला ते कोणालाच कळलं नाही, आणि कार्तिकी अमावास्येच्या दुसऱ्या दिवशी पत्र आलं की पाहणीत काही गैर आढळलं नाही, तक्रार बंद करण्यात येत आहे. मान्य नसल्यास महिन्याच्या आत वर अर्ज करावा. तोवर बाथरूमच्या भिंती चढल्या होत्या. सासूबाईंच्या खोलीतला चौकोन बारीक होत होत कपाटाच्या मुठीएवढा राहिला होता. त्यांनी एकदा मला विचारलं, “अजून चहाची वेळ झाली नाही का गं?” तेव्हा जेवणाची वेळ होत आली होती.

मी कामाला लागले. फोटो, मंजूर नकाशाची प्रत, यजमानांच्या टेपची मापं, सगळं एका फाइलीत, प्रत्येक कागदाला क्रमांक. अर्ज द्यायचा दिवस मी कॅलेंडरवर शुक्रवार असा ठरवला. मुदत शनिवारी संपत होती आणि गुरुवारी सासूबाईंना डॉक्टरांकडे न्यायचं होतं. गुरुवारी सकाळी अक्का दारात. इस्त्रीची सुती साडी, हातात पिशवी.

“चल. आज अमावास्या. महिना संपला.”

“अक्का, पत्र आलं त्या तारखेपासून मोजा. परवापर्यंत मुदत आहे.”

“तुझा महिना लांब आहे गे. माझा आखूड. प्रतिपदेला पत्र आलं, अमावास्येला महिना सरला. आखूड महिन्यानं चाललं की कोणाचं नुकसान होत नाही.”

“आणि आम्ही पुण्याचे लोक अमावास्येला काही सुरू करत नाही.”

“सुरू कुठे करतेस? संपवतेयस. चल.”

पलंगावरून सासूबाई म्हणाल्या, “जा तू. मला तो नेईल डॉक्टरकडे.” तो म्हणजे त्यांचा मुलगा, माझे यजमान, त्यांनी निमूटपणे रजा टाकली. माझ्या आठवड्याची घडी मोडणारी माणसं मला आवडत नाहीत. पण सासूबाईंनी सांगितलं आणि अक्का फाइल उचलून रिक्षात जाऊनही बसल्या होत्या. सिल्क बोर्डच्या चौकातल्या गर्दीतून वाट काढत आम्ही ऑफिसात पोचलो तेव्हा दीड वाजून गेला होता. खिडकी उघडी, रांग नाही, पलीकडे चष्म्याची दोरी गळ्यात घातलेली एक बाई. असं दृश्य सरकारी नोकरीत मी स्वतःसुद्धा क्वचित पाहिलेलं. मी फाइल पुढे केली आणि अक्कांनी माझा हात धरला.

“बेडा. आता नको. राहुकाळ लागलाय. तीनपर्यंत.”

मी त्यांना शक्य तितक्या शांतपणे समजावलं की मुदतीसाठी तुम्ही मला दोन दिवस आधी ओढून आणलंत आणि आता उघड्या खिडकीसमोर थांबवता, याला काय म्हणायचं. “मुदत माणसानं घातलेली,” अक्का म्हणाल्या, “राहुकाळ कुणी घातला, मला ठाऊक नाही. म्हणून त्याला जास्त भ्यायचं.” मी मदतीच्या आशेनं खिडकीतल्या बाईंकडे पाहिलं. त्यांनी चष्मा काढला आणि कानडीत म्हणाल्या की अम्मा सांगतात ते बरोबर आहे, मी माझ्या मुलीचा कॉलेजचा अर्जसुद्धा या वेळात दिला नव्हता. मग त्या खुर्ची घेऊन बाहेर आल्या. अक्कांनी पिशवीतून अवरेकाई काढली. आम्ही दोघी बाहेरच्या बाकावर आणि त्या खुर्चीवर, अशा तिघी शेंगा सोलत राहिलो; सोललेले दाणे अक्कांच्या डब्यात, टरफलं माझ्या फाइलीच्या रिकाम्या पिशवीत. येणाऱ्याजाणाऱ्याला त्या बाई सांगत होत्या, “तीननंतर.” तीन वाजले, त्या आत गेल्या, शिक्का उचलला आणि अक्कांकडे पाहून विचारलं, “आता?” अक्कांनी मान हलवली. शिक्का पडला.

संध्याकाळी टीव्हीवर कळलं की दुसऱ्या दिवशी शहर बंद. पाण्यावरून की भाषेवरून ते आता आठवत नाही. शुक्रवारी रस्त्यावर एक रिक्षा नव्हती आणि शनिवार दुसरा, म्हणजे ऑफिसला सुट्टी. अशा वेळी मुदत पुढे ढकलतात, असं नंतर मला एका वकिलानं सांगितलं. ढकलतात की नाही हे पाहायची वेळ माझ्यावर आली नाही, एवढं मला पुरे आहे. अक्का शुक्रवारी सकाळी तिसऱ्या पायरीवर बसून रिकाम्या गल्लीकडे पाहत होत्या. मला वाटलं, आता टोमणा येणार. त्या म्हणाल्या, “तुझा महिना वाईट नाही गे. लांब आहे, एवढंच.”

पुढचं थोडक्यात. वरून साहेब आले, या वेळी सगळ्यांसमक्ष; टेप लागला; काम थांबलं; आणि पुन्हा माघ आला तेव्हा बाथरूमची ती ओळ फोडून मागे घेतली गेली. मेस्त्री खडूची रेघ मारत असताना अक्का कुंपणापाशी उभ्या होत्या. “स्वल्प अलीकडे मार,” त्या म्हणाल्या, “बोटभर त्याला असू दे.” मालकांनी ते ऐकलं. त्या दिवशी कॉफी त्यांच्याकडून कुंपणावरून आली. दुसऱ्या दिवशी सकाळी सासूबाईंनी हाक मारली, “चहा आण गं, फोटोवर आलं.” मी पातेलं ठेवलं आणि त्याच पावली अक्कांकडे गेले. आभार मानायची मला फारशी सवय नाही. भांडारात माल मिळाला की आपण पोच देतो, आभार मानत नाही. म्हणून मी एवढंच म्हणाले, “अक्का, ऊन पोचलं.” त्यांनी परातीतून मान वर केली. “आयतु,” त्या कानडीत म्हणाल्या. झालं.

पण अक्कांचं झालं नव्हतं. मालकांचं कॉफीवरचं वाक्य त्यांनी मनात धरून ठेवलं होतं. एके दिवशी त्यांनी स्वतःचा जिना मोजला आणि तो सेटबॅकमध्ये पुरता एक ब्लाउजपीस आलेला निघाला, आमच्या बाजूला. दुसऱ्याच दिवशी, राहुकाळ टाळून, त्या एकट्या ऑफिसात गेल्या आणि त्या खिडकीतल्या बाईंना म्हणाल्या की माझ्यावर तक्रार घ्या. बाई हसल्या. फार जुनं बांधकाम आहे अम्मा, त्यावर आता कोण तक्रार घेणार, वेळ कधीच गेली. आयुष्यात मी अक्कांना इतकं दुखावलेलं पाहिलं नाही. “जुन्यावर तक्रार लागत नाही म्हणे,” पायरीवर बसून त्या मला सांगत होत्या. “माझ्यावर तक्रारच होत नाही, तर मी इथे आहे कशाला? हा जिना काढताना मी यांना सांगणार होते, जागा कमी पडतेय म्हणून. नाही सांगितलं. त्यांची हौस होती.” त्यांनी परातीतली टरफलं एका बाजूला सारली. मग म्हणाल्या, “तू शेजारीण. जागा तुझ्या बाजूची गेली. तू लिहून दिलंस तर घ्यावंच लागेल. नोटीस येऊ दे माझ्या नावानं.”

उन्हाळ्यात त्यांचे गुडघे गेले. म्हैसूरचा मुलगा येऊन त्यांना घेऊन गेला. चांगला मुलगा आहे, आईला पायरीसुद्धा चढू देत नाही. घराला कुलूप आहे. जिन्यावर कबुतरं बसतात आणि गल्लीत दोन ठिकाणी वाळू उतरली आहे, तिच्याकडे कोणी पाहत नाही. मी पाहते, पण मला ती फुटातच दिसते. दर अमावास्येला मात्र अक्कांचा फोन येतो. “दिलीस का गे तक्रार? महिना संपला.” मी म्हणते, बघते. सुरुवातीला वाटायचं की हा त्यांचा हट्ट आहे. मग एकदा यादी करताना लक्षात आलं की नोटीस निघाली तर ती ज्याच्या नावाची त्यानंच मुदतीत येऊन उत्तर द्यायचं असतं. नोटीस आली की चांगल्या मुलालासुद्धा आईला बेंगळुरूला आणावं लागेल. आणि ऑफिसनं ती मनावर घेतलीच, तर जिना पाडावा लागेल आणि आल्यावर अक्का बसतील कुठे? म्हणून अर्ज मी लिहिला, चांगला लिहिला, आणि दिला नाही.

गेल्या अमावास्येला अक्कांनी नेहमीप्रमाणे विचारलं आणि मी म्हणाले, “नाही दिली. तुमचाच नियम आहे. तोंडावर सांगितल्याशिवाय तक्रार द्यायची नाही, तेही काहीतरी हातात देऊन.”

त्या म्हणाल्या, “मग ये की गे.”

परवा मुद्दाम चिकपेटला जाऊन जांभळा ब्लाउजपीस आणला. दुकानदारानं मोजताना बोटभर जास्त सोडला. नारळ आहे, सुपारी आहे, पानं आदल्या दिवशी घ्यायची. सासूबाईंनी त्यांच्यासाठी वातींचं एक पुडकं काढून ठेवलं आहे. अमावास्या जवळ आली आहे, त्यांचा महिना नेहमीप्रमाणे माझ्या आधी संपणार, आणि यादीतली एवढी एकच ओळ अजून तशीच आहे: म्हैसूरला जाणे.